टेलिप्रॉम्प्टर घेण्याआधी मजकूर तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पडद्यावरचा माणूस वाचतो आहे हे एकदा प्रेक्षकाच्या लक्षात आले, की तो काय सांगतो आहे याकडे कुणाचे चित्त राहत नाही. 'प्रॉम्प्टर लावला होता' असा शेरा मारून लोक मोकळे होतात. आता प्राचार्य, डॉक्टर, वकील, बँकांचे अधिकारी, संस्थांचे विश्वस्त असे सगळेच कॅमेऱ्यासमोर बोलू लागले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांनी टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे बोलणाऱ्यासमोर मजकूर सरकवणारे हे यंत्र, घेतले, दोन-चार वेळा वापरले आणि 'आपल्याला हे जमण्यातले नाही' म्हणून कपाटावर टाकून दिले. कॅमेरा आणि प्रॉम्प्टर हाताळणारे आम्ही काही वाचक त्याबद्दल हे पत्र लिहीत आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, वाचल्यासारखे दिसण्याची बहुतेक कारणे यंत्रात नसतात. मजकूर कसा लिहिला, ओळ किती रुंद ठेवली आणि ती पुढे कोण सरकवतो, यावर सगळे ठरते. काच कोणती घ्यावी हा प्रश्न त्यानंतरचा.

यंत्र तसे साधे आहे. लेन्सच्या पुढे ४५ अंशांत तिरकी बसवलेली काच, तिच्याखाली आडवा ठेवलेला टॅब्लेट किंवा मॉनिटर, आणि काचेमागे लेन्सला वेढणारा काळा हूड. खालच्या पडद्यावरची अक्षरे बोलणाऱ्याला काचेत दिसतात, कॅमेरा मात्र काचेतून आरपार त्याच्याकडे बघतो. तिरक्या काचेची हीच करामत वापरून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली लंडनमध्ये रंगमंचावर भूत दाखवले होते. प्रॉम्प्टर मात्र १९५०च्या सुमारास अमेरिकेत आला. फ्रेड बार्टन हा अभिनेता, ह्यूबर्ट श्लाफ्ली हे अभियंते आणि चित्रपट कंपनीतले अधिकारी अर्विंग कान या तिघांचे ते काम. त्या वेळी काच नव्हती. मोटरवर फिरणारी कागदाची गुंडाळी कॅमेऱ्याजवळ ठेवत. अक्षरे लेन्ससमोर आणणारी काच नंतर आली, कारण अक्षरे बाजूला असली की नजरही बाजूला जाते.

नजर किती सरकते याचा हिशेब सोपा आहे. मजकूर लेन्सपासून १० सेंटिमीटर बाजूला असेल आणि बोलणारा १ मीटरवर बसला असेल, तर नजर जवळजवळ ६ अंश वळते. तोच माणूस २ मीटरवर बसला तर ३ अंशांच्या आत, ३ मीटरवर बसला तर २ अंशांच्या आत. शिवाय सगळ्या दिशा सारख्या नसतात. आडवी गेलेली किंवा वर गेलेली नजर प्रेक्षकाला चटकन खटकते, किंचित खाली गेलेली त्यामानाने खपून जाते. म्हणून ज्यांना महिन्या-दोन महिन्यांतून एखादे निवेदन करायचे आहे त्यांनी काच घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॅमेरा अडीच-तीन मीटर मागे न्यावा, झूम करून चौकट हवी तेवढी आवळावी आणि मजकुराचा पडदा लेन्सच्या अगदी खाली, लेन्सला जवळजवळ टेकवून ठेवावा. कॅमेरा लांब गेला की त्याच्यावरच्या माइकचा आवाज निकामी होतो, तेव्हा कॉलरला लावायचा वेगळा माइक मात्र लागेल.

मोबाइलवर बोलणाऱ्यांची गोष्ट निराळी. समोरच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचे आणि त्याच पडद्यावर मजकूर सरकवायचा, अशी ॲप भरपूर आहेत. फोन उभा असेल तर कॅमेरा वरच्या कडेला असतो. तेव्हा मजकुराची खिडकी वरच्या चतुर्थांशात ठेवायची आणि खालचा पडदा रिकामा सोडायचा. बहुतेक जण मजकूर पडदाभर पसरवतात. हाताच्या अंतरावर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर, कॅमेऱ्यापासून ७ सेंटिमीटर खाली असलेली ओळ वाचताना नजर ८ अंश खाली जाते. इतकी खाली गेलेली नजर मात्र खपत नाही. फोन आडवा केला की आणखी बिघडते, कारण कॅमेरा डाव्या किंवा उजव्या टोकाला जातो आणि बोलणारा सतत कुशीला कुणीतरी उभे असल्यासारखा बघत राहतो. आडवे चित्रीकरण हवे असेल तर मागचा कॅमेरा आणि छोटी काच हाच मार्ग. मागचा कॅमेरा सहसा चांगलाही असतो.

लॅपटॉपवरच्या बैठकीत मजकुराची खिडकी अरुंद करून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवावी आणि खुर्ची ७०–८० सेंटिमीटर मागे घ्यावी. कॅमेऱ्यापासून ३ सेंटिमीटर खालची ओळ ७५ सेंटिमीटरवरून वाचली तर नजर जेमतेम सव्वादोन अंश खाली जाते. पडदा सगळ्यांना दाखवायचा असेल तर पूर्ण पडद्याऐवजी नेमकी एक खिडकी निवडावी, नाहीतर भाषणाची अख्खी संहिता सभासदांसमोर सरकताना दिसते.

आता काच. साधी खिडकीची काच लावून पाहायचा मोह होतो, आणि अंधाऱ्या खोलीत तिच्यावर काहीतरी दिसतेही. पण साध्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब पडते, त्यामुळे प्रत्येक अक्षराला सावलीसारखे दुसरे अक्षर चिकटते. देवनागरीत तर हे फारच त्रासाचे. शिरोरेषा दुहेरी होते, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. म्हणून एका बाजूला अर्धपरावर्तक थर आणि दुसऱ्या बाजूला परावर्तन रोखणारा थर असलेली खास काच घ्यावी. ती बाजारात ७०/३० किंवा ६०/४० अशा आकड्यांनी ओळखली जाते. पहिला आकडा कॅमेऱ्याकडे आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा, दुसरा परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा. ७०/३० काचेने कॅमेऱ्याचा अर्धा स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), ६०/४० काचेने पाऊण स्टॉपच्या आसपास. घरातल्या किंवा कार्यालयातल्या बेताच्या उजेडात ७०/३० बरी. बाहेर उजेडात अक्षरे फिकी पडत असतील तर ६०/४० काचेचा थोडा उपयोग होतो, पण तिथे खरी गरज पडदा उजळ असण्याची असते. गणित बघा (निट्स हे पडद्याच्या चमकेचे माप): ३०० निट्सचा मॉनिटर ७०/३० काचेत ९० निट्सचा होतो. बंद खोलीत तेवढे पुरते. उन्हात १००० निट्सच्या पुढचा मॉनिटर नसेल तर अक्षरे शोधावी लागतात, आणि अक्षरे शोधणारा माणूस डोळे बारीक करतो.

अर्धपरावर्तक थराची बाजू बोलणाऱ्याकडे आणि पडद्याकडे यायला हवी. ती ओळखायची युक्ती अशी, की काचेच्या कोपऱ्याजवळ कागदाचे टोक टेकवायचे. टोक आणि त्याचे प्रतिबिंब एकमेकांना भिडलेले दिसले तर ती थराची बाजू. मध्ये फट दिसली तर काच उलटी धरली आहे. थराच्या बाजूला अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव, वर्तमानपत्राचा कागद (क्षमस्व, संपादक महोदय) किंवा शर्टाची बाही लावू नये. आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशने उडवावी, मगच मायक्रोफायबर कापड फिरवावे.

काच बसवल्यावर लेन्स तिच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, काचेला टेकवू मात्र नये. हूडला एक जरी फट राहिली तरी मागचा उजेड काचेवर येऊन चित्रावर पांढुरका पदर चढतो आणि नको ती प्रतिबिंबे चित्रात डोकावतात. लेन्सही फार रुंद असू नये. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४–२८ मिलिमीटरच्या खाली गेले की बहुतेक लहान काचांची चौकट कोपऱ्यांत दिसू लागते. जवळून घेतल्यास नाक मोठे दिसते ते वेगळेच. ५० मिलिमीटर किंवा त्यापुढची लेन्स आणि थोडे जास्त अंतर हे जास्त चांगले जमते. काचेला कधीकधी हिरवट किंवा तपकिरी छटा असते. तेव्हा एक्सपोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) काच लावल्यानंतरच ठरवावे. ट्रायपॉडचे डोके काच, पडदा, कॅमेरा या सगळ्यांचे मिळून जे वजन होते त्याला पेलणारे हवे. पुढचा भार जास्त झाला की झुकवलेले डोके हळूहळू खाली येते, आणि हे चित्रीकरण संपल्यावरच कळते.

काचेतली अक्षरे उलटी दिसतात, म्हणून ॲपमध्ये अक्षरे आधीच उलटवून दाखवणारी आरशाची (मिरर) सोय हवी. ती नसेल तर ॲप घेऊच नये. टॅब्लेटवर चित्रीकरणाआधी चार गोष्टी बंद करायच्या: पडदा आपोआप फिरणे, उजेडानुसार पडद्याची चमक बदलणे, काही वेळाने पडदा झोपणे, आणि सगळ्या सूचना. बोलता बोलता माणसाच्या चेहऱ्यावर अचानक कुतूहल उमटले, तर समजावे की काचेत कुणाचा तरी निरोप आला.

वाचणारी ओळ लेन्सच्या मध्याशी जुळवणे हे काम बहुतेक जण करतच नाहीत. बोलणारा जिथे बसणार किंवा उभा राहणार तिथे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर डोके नेऊन बघायचे. पडद्यावर असलेली खूण काचेतून लेन्सच्या मध्यावर पडली पाहिजे. तिथेच चालू ओळ यायला हवी आणि तिच्याखाली पुढच्या दोन-तीन ओळी दिसत राहायला हव्यात. लेन्सची उंचीही डोळ्यांइतकीच ठेवावी. २ मीटरवरून चालू ओळ लेन्सच्या ६ सेंटिमीटर वर असली तर नजर पावणेदोन अंश वर राहते. एवढ्यानेही माणूस छताकडे बघून बोलतो असे वाटते.

आता अक्षर आणि ओळीची रुंदी. डोळ्यांचा डावा-उजवा प्रवास प्रेक्षकाला दिसतो, आणि वाचतो आहे हे कळते ते त्यावरूनच. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'लांब उभे राहा'. तो अर्धाच खरा आहे. लांब गेल्यावर अक्षरे दिसत नाहीत, म्हणून लोक ती मोठी करतात. अक्षरे मोठी झाली की ओळ रुंद होते आणि डोळ्यांना पूर्वीइतकाच कोन फिरावे लागते. म्हणजे अंतराने काही साधले नाही. साधायचे असेल तर ओळीत शब्द कमी हवेत आणि अक्षर वाचताना अडखळावे लागेल इतके लहान नको, पण सहज वाचता येण्यापेक्षा मोठेही नको. २ मीटरवरून मात्रा सोडून अक्षराची उंची १२ ते १५ मिलिमीटर पुरते. ओळीत तीन, फार तर चार शब्द ठेवावेत. त्यासाठी ॲपमध्ये दोन्ही बाजूंचे समास बिनधास्त वाढवावेत. १२ मिलिमीटरच्या अक्षरात तीन मराठी शब्दांची ओळ साधारण १२ सेंटिमीटर होते, म्हणजे २ मीटरवरून साडेतीन अंश. त्याच अक्षरात सहा शब्दांची ओळ घेतली तर ७ अंश. हा फरक आवाज बंद करूनही दिसतो. दहा इंची टॅब्लेट या अंतराला छान चालतो. ३–४ मीटरवरून वाचायचे असेल तर १५ ते १९ इंचांचा मॉनिटर लागतो.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात, तेव्हा रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले तर खालच्या ओळीची मात्रा वरच्या उकारात शिरते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ओळींमधले अंतर ठेवावे. पांढरी अक्षरे, काळी पाटी. काळा भाग काचेत जवळजवळ दिसतच नाही, हा त्याचा फायदा. फॉन्ट साधा, मध्यम जाडीचा घ्यावा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा. फार जाड घेतला तर 'घ' आणि 'ध' मधल्या फटी बुजतात, फार बारीक घेतला तर मात्रा उडून जातात.

मराठी मजकुराची एक वेगळी डोकेदुखी आहे. कचेऱ्यांमधून येणाऱ्या फाइली अजूनही कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या ॲपमध्ये चिकटवल्या की रोमन अक्षरांचा चिवडा होतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यायचे आणि रूपांतरानंतर पूर्ण मजकूर डोळ्यांखालून घालायचा, कारण अशा रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. ॲप घेण्याआधी ही एक ओळ त्यात टाकून बघा: 'दुसऱ्या तऱ्हेने, कॅमेऱ्यासमोर, ॲप, ज्ञान, श्रद्धा, दृष्टी, उत्कृष्ट, बाळ'. यात कुठे तुटके जोडाक्षर किंवा ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर ते ॲप मराठीसाठी नाही. आवाज ऐकून मजकूर आपोआप सरकवणारी ॲपही आहेत. ती मराठी ओळखतात का, आणि मध्ये इंग्रजी शब्द आला की अडतात का, हे पाच मिनिटे खरोखर बोलून पाहिल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नये.

एवढे सगळे नीट असूनही माणूस वाचल्यासारखा का दिसतो? तर मजकूर कागदासाठी लिहिलेला असतो म्हणून. हे पत्र छापायचे आहे, त्यामुळे यात 'केले', 'सांगितले', 'असते' चालते. प्रॉम्प्टरवर तेच शब्द ठेवले तर बोलणारा 'केले, सांगितले' असेच म्हणतो, आणि आपण 'केलं, सांगितलं' बोलतो हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. काचेत जे दिसते ते तोंडातून जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून मजकूर तयार झाला की सगळ्यात आधी हे शेवटचे एकार अनुस्वारात बदलून घ्यावेत. नंतर 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात येत आहे', 'त्याअनुषंगाने' यांना रजा द्यावी. 'सदर योजनेअंतर्गत लाभार्थ्यांना देण्यात येणाऱ्या अनुदानाच्या रकमेत वाढ करण्यात आलेली आहे' हे वाक्य जगातला कुठलाही निवेदक सहज बोलू शकणार नाही. 'या योजनेचं अनुदान वाढलं आहे' हे कुणीही बोलेल.

क्रियापद शेवटी येते याचाही विचार करावा लागतो. लांब वाक्यात बोलणाऱ्याला वाक्य कुठे चालले आहे ते शेवटपर्यंत माहीत नसते, आणि 'नाही' तर सगळ्यात शेवटी येते. 'ही सवलत गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना मिळणार' एवढे काचेत दिसते, बोलणारा हसऱ्या चेहऱ्याने, चढत्या आवाजात ते म्हणतो, आणि पुढच्या ओळीवर एकटा 'नाही' वर सरकत येतो. चेहरा हसरा आणि बातमी वाईट. यावर दोन उपाय आहेत. एक, नकार आधीच सांगून टाकायचा: 'ही सवलत सगळ्यांना नाही.' दुसरा, 'मिळणार नाही' हे दोन शब्द कधीही दोन ओळींत तुटू द्यायचे नाहीत. एकूणच ओळ कुठे तोडायची हे ॲपवर सोडू नये. जिथे श्वास घ्यायचा तिथे एंटर मारावा. वाक्य संपले की एक ओळ कोरी सोडावी. ती कोरी ओळ म्हणजे थांबण्याची आणि डोळे मिटण्याची जागा. वाचताना माणसाच्या पापण्या नेहमीपेक्षा कमी लवतात आणि नजर ताठरते. कोऱ्या ओळीवर पापणी लववायची सवय केली की चेहरा बराच सैल होतो.

आकडे अक्षरांत लिहावेत. मराठी संख्यांची नावे अवघड असतात, आणि ७९, ८९, ७३ असे आकडे अचानक समोर आले की चांगले बोलणारेही पाव सेकंद थबकतात. 'एकोणऐंशी', 'एकोणनव्वद', 'त्र्याहत्तर' असे लिहिलेले असले की थबकत नाहीत. '२.५ कोटी' लिहिले तर कुणीतरी 'दोन पूर्णांक पाच कोटी' म्हणणारच. 'अडीच कोटी' लिहून विषय मिटवावा. '३,४७,८६२' हा आकडा सांगायलाच हवा का, हेही विचारावे. ऐकणाऱ्याच्या लक्षात 'जवळजवळ साडेतीन लाख' एवढेच राहते. कायदेशीर निवेदनात अचूक आकडा लागतो, तिथे तो पूर्ण अक्षरांत, स्वतंत्र ओळीवर द्यावा. 'कि.मी.', 'प्रा.', 'इ.' असली आखूड रूपे काढून टाकावीत. जे नाव बोलणाऱ्याला नवीन आहे ते उच्चारानुसार, गरज पडल्यास जोडरेघा देऊन लिहावे.

'थांबा', 'हसा', 'हात दाखवा' अशा सूचना मजकुरात लिहिल्या तर त्या एखाद्या वेळी मोठ्याने वाचल्या जातात. असे होऊ नये म्हणून सूचना वेगळ्या रंगात आणि एकाच चिन्हाने द्यावी, शब्दांनी नको. ठसठशीत शब्द वाक्यात एकच असावा. सगळेच ठळक केले की आवाज एकसुरी होतो.

वेगाबद्दल. मिनिटाला इतके शब्द, असे जे तयार आकडे सांगितले जातात ते बहुधा इंग्रजीवरून आलेले असतात आणि मराठीला लागू होत नाहीत. 'कार्यालयांमध्येसुद्धा' हा आपला एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे तीन-चार शब्द होतात. तेव्हा आपलाच मजकूर एक मिनिट नेहमीच्या ओघात मोठ्याने म्हणावा, किती शब्द झाले ते मोजावे आणि पाच मिनिटांच्या भाषणाला त्याच्या पाचपट धरावे. त्यातून दहा टक्के कमी करावेत, कारण कोऱ्या ओळी आणि थांबे वेळ खातात.

ठरावीक वेगाने सरकणारा मजकूर मात्र टाळावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. यंत्र माणसामागे चालायला हवे. आपोआप सरकणारी ओळ बोलणाऱ्याला ढकलत नेते. तो थांबायला, विचार करायला, एखादे वाक्य मनचे घालायला घाबरतो, आणि नैसर्गिकपणा तिथेच जातो. दुसरा माणूस असेल तर त्याच्या हातात मजकूर सरकवायचे चाक किंवा रिमोट द्यावा. त्याने मजकूर वाचत बसू नये, कान देऊन ऐकावे. बोलणारा मजकूर सोडून भरकटला की ओळ जिथे आहे तिथेच थांबवावी, घाईने पुढे-मागे करू नये. परत येणारा माणूस शेवटची सोडलेली ओळच शोधतो. सरकवणारा अर्धी ओळ मागे असला तरी चालते, पुढे गेलेला अजिबात चालत नाही. एकट्यानेच चित्रीकरण करायचे असेल तर हातातला छोटा ब्लूटूथ रिमोट किंवा पायाने दाबायची पायपट्टी घ्यावी. पायपट्टीचा खटका माइकमध्ये येतो का ते आधी ऐकून पाहावे, आणि पायाला तिची सवय होईपर्यंत खांदा हलतो हेही ध्यानात ठेवावे.

सराव मोठ्याने करावा, मनातल्या मनात नाही. दोनदा-तीनदा पुरे. त्याहून जास्त केला की वाक्ये पाठ होतात आणि पुन्हा पाठांतराचा सूर लागतो. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक मात्र पाठ असावेच, कारण तिथे प्रेक्षक चेहऱ्याकडे नीट बघत असतो. मध्ये एखाद-दोन ठिकाणी मुद्दाम नजर काढून बाजूला, हातातल्या वस्तूकडे किंवा कागदाकडे न्यावी. आपण गप्पा मारतानाही समोरच्याकडे सलग टक लावून बघत नाही.

चष्मेवाल्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. काचेतल्या अक्षरांचे आणि दिव्यांचे प्रतिबिंब चष्म्यावर पडते. दिवा वर चढवून आणि चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलून ते बहुतेक वेळा जाते. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेला) असेल तर दीड-दोन मीटरवरची ओळ नीट दिसावी म्हणून माणूस हनुवटी वर करतो. हनुवटी वर गेली की चेहऱ्यावर अकारण आढ्यता येते. त्याच अंतराचा साधा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला तर हा त्रास उरत नाही.

मुलाखतीला, प्रश्नोत्तरांना, श्रद्धांजलीला आणि मिनिटभराच्या आतल्या निवेदनाला प्रॉम्प्टर लावू नये. तिथे चार-पाच मुद्दे, प्रत्येकी दोन-तीन शब्दांत, लेन्सखाली ठेवले तर पुरतात. शब्द न् शब्द अचूक लागतो तिथे, म्हणजे नियम, आकडेवारी, औषधांचे प्रमाण, कायदेशीर खुलासा यांना तो जरूर लावावा. सभेच्या व्यासपीठावर डावी-उजवीकडे उभ्या दांड्यांवर ज्या पारदर्शक काचा असतात, तो प्रकार वेगळा. त्याचे मॉनिटर जमिनीवर, वर तोंड करून असतात. श्रोत्यांसाठी ती सोय उत्तम, पण समोरचा कॅमेरा विसरला गेला तर थेट प्रक्षेपणात वक्ता सारखा मान फिरवताना दिसतो. अशा वेळी तिसरी काच किंवा पडदा कॅमेऱ्याखाली मध्यभागी ठेवावा आणि महत्त्वाची वाक्ये तिकडे बघून बोलावीत.

आणि दोष कुठे आहे हे शोधायचे असेल तर चित्रीकरण दोनदा तपासावे. एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त डोळे बघावेत. ते डावी-उजवीकडे पळत असतील तर ओळ अरुंद करावी, वर गेलेले असतील तर चालू ओळ खाली आणावी, ताठ असतील तर कोऱ्या ओळी वाढवाव्यात. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकावे. ऐकताना जिथे वाचल्यासारखे वाटेल त्या जागा कागदावर खुणा करून संहितेत शोधाव्यात. तिथे बहुधा 'करण्यात आलेली' सापडेल, नाहीतर तीन ओळींचे एक वाक्य.

आपले,
कॅमेरा व प्रॉम्प्टर हाताळणारे काही वाचक